बोअरमधून आलेली लाल भुकटी

मागच्या उन्हाळ्यात शेतात बोअर घेतला. औसा तालुका म्हणल्यावर पाणी लागलं तर नशीब. आधी काळी माती, मग मुरूम, मग नुसता काळा पाषाण, गाडी रात्रभर घरघरतेय आणि राखाडी भुकटी सगळ्यांच्या डोक्यावर. मधेच भुकटी लाल झाली. बोअरवाला म्हणला, गेरू लागला. काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, ज्वालामुखीतून आलेला वितळलेला दगड, थरावर थर. तो गेरू म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर त्यावर तयार झालेली माती, नंतरच्या लाव्हानं भाजलेली.

हा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. पोरं विचारतात आपल्याकडं त्यांची हाडं का निघत नाहीत, अरे उकळत्या दगडात हाडं कशी टिकतील!

या लाव्हाच्या खाली काय आहे ते आमच्याच तालुक्यातल्या किल्लारीला कळलं. 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं 617 मीटर बोअर घेतला, 338 मीटरला पाषाण संपला, मग थोडासा गाळ आणि खाली थेट साधारण 250 कोटी वर्षांचा खडक. म्हणजे मधल्या 240 कोटी वर्षांचा हिशोब आपल्याकडं जवळजवळ नाहीच, आणि जीवसृष्टीचं बहुतेक सगळं नेमकं तेव्हाच घडलंय. तो खालचा खडक तयार झाला तेव्हा पृथ्वीवर फक्त सूक्ष्मजीव होते. त्यांच्यातल्या काहींनी उन्हावर अन्न करता करता ऑक्सिजन सोडला, तो हवेत साठायला लागला 240 कोटी वर्षांपूर्वी. डोळ्यांना दिसतील असे प्राणी मात्र पार अलीकडचे, साठेक कोटी वर्षांतले.

जीवांची सुरुवात त्याच्याही आधीची. पृथ्वी 454 कोटी वर्षांची, आणि ऑस्ट्रेलियात पिलबारा भागात 348 कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांच्या खुणा दगडात सापडल्यात. पण निर्जीवातून सजीव झालं कसं? 1924 मध्ये रशियाचे ओपारिन आणि 1929 मध्ये ब्रिटनचे हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी आपापलं, पण एकच मांडलं, की आधी समुद्रात साधी रसायनं जुळत गेली असतील. 1953 मध्ये मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञानं काचेच्या भांड्यात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ घेऊन त्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या, आठवड्याभरात अमिनो आम्लं मिळाली, म्हणजे ज्यांची प्रथिनं बनतात ती रसायनं. जीव नाही हं, नुसता कच्चा माल. त्यातून जिवंत काही घडवणं अजून कुणालाच जमलेलं नाही.

आमचा बोअर 400 फुटांवर थांबवला, पैसे संपले. किल्लारीचाच हिशोब धरला तर तो जुना खडक अजून 700 फूट खाली.