बंदूक, सरकार आणि टीव्हीवाले: अमेरिकेतल्या अविश्वासाची पार्श्वभूमी

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडे ग्रुपवर तोच प्रश्न पडतो, एवढी पोरं मरतात तरी ही माणसं बंदुका का सोडत नाहीत? कंपन्यांचा पैसा, एनआरए या बंदूकवाल्यांच्या संघटनेची लॉबी ही उत्तरं चूक नाहीत पण अर्धवट आहेत. तिथल्या बंदूकवाल्यांमधला एक मोठा गट बंदूक ठेवतो ती चोरासाठी किंवा शिकारीसाठी नाही, तर उद्या सरकारच दारात आलं तर म्हणून, आणि पेपर-टीव्हीवाले सरकारचीच री ओढणार हे त्याने धरूनच ठेवलेलं असतं.

याची मुळं जुनी आहेत. शस्त्र बाळगायचा हक्क देणारी घटनेतली सेकंड अमेंडमेंट १७९१ ची. त्याच्याही आधी, ब्रिटिश सैनिक बोस्टनहून कॉन्कॉर्डला निघाले ते वसाहतवाल्यांचा दारूगोळा जप्त करायला, आणि १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची ठिणगी पडली. ही तारीख लक्षात असू द्या, पुढे लागेल.

पण एनआरए काही तेव्हापासून सरकारविरोधी नव्हती हं. १८७१ मध्ये यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या अधिकाऱ्यांनी ती काढली कारण त्यांच्या सैनिकांना धड नेम धरता येत नव्हता, म्हणजे सरळसरळ नेमबाजीची संस्था. १९३४ चा मशीनगनवरचा २०० डॉलर टॅक्स, १९६८ चा गन कंट्रोल कायदा, हे सगळं तिने कुरकुरत का होईना पचवलं. १९६७ मध्ये तर ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या जहाल संघटनेची माणसं बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले आणि मग उघड्यावर भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगननी! ही गोष्ट आजचे बंदूकवाले फारशी सांगत नाहीत. एनआरए फिरली १९७७ मध्ये, सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत हार्लन कार्टरच्या गटाने रात्रभर बैठक लांबवून जुन्या मंडळींना घरी पाठवलं आणि तिथून एक इंचही मागे हटायचं नाही हे धोरण झालं.

तरी हे सगळं राजकारणच म्हणता येईल. खरा संताप आला तो १९९२-९३ मध्ये.

रुबी रिज, आयडाहोचा डोंगराळ भाग. रँडी वीव्हर म्हणून एक माणूस, गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांमध्ये ऊठबस असलेला, तेव्हा त्याला संत करायचं काही कारण नाही. एटीएफ म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका बघणारं केंद्राचं खातं, त्यांच्या खबऱ्याला त्याने नळी कापलेल्या दोन शॉटगन विकल्या. कोर्टाची तारीख पडली २० फेब्रुवारी १९९१, पण त्याला गेलेल्या पत्रात तारीख होती २० मार्च. तो आला नाही, वॉरंट निघालं, आणि पत्रातली तारीख उजाडायच्या आतच गैरहजेरीचा आरोपही ठेवला गेला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मार्शल लोक, म्हणजे वॉरंट बजावणारे केंद्राचे पोलीस, त्याच्या केबिनवर पाळत ठेवून होते, कुत्र्याला वास लागला, गोळीबार झाला, त्यात वीव्हरचा १४ वर्षांचा मुलगा गेला आणि एक डेप्युटी मार्शलही गेला. दुसऱ्या दिवशी एफबीआयच्या स्नायपरची गोळी दाराआड उभ्या असलेल्या वीव्हरच्या बायकोला लागली, कडेवर १० महिन्यांची मुलगी होती. स्नायपरना हुकूमच असा होता की बाहेर हत्यारबंद पुरुष दिसला तर गोळी घालता येते, घालावीच. ज्युरीने वीव्हरला खुनाच्या आरोपातून सोडलं आणि १९९५ मध्ये सरकारने कुटुंबाला ३१ लाख डॉलर देऊन मिटवलं.

रुबी रिजनंतर सहाच महिन्यांत टेक्सासमधल्या वेको शहराजवळ दुसरा प्रकार. डेव्हिड कोरेशचा पंथ, बेकायदा मशीनगन बनवतात असा संशय, कोरेशवर लहान मुलींच्या शोषणाचेही आरोप. २७ फेब्रुवारी १९९३ ला तिथल्या पेपरने त्याच्यावर मालिका सुरू केली आणि २८ ला एटीएफची धाड. त्या सकाळी धाडीचं शूटिंग करायला निघालेला एका लोकल चॅनलचा कॅमेरामन रस्ता चुकला, समोरून आलेल्या पोस्टमनला त्याने पत्ता विचारला, आणि तो पोस्टमन निघाला कोरेशचा मेहुणा! आत खबर पोचली, पोचल्याचं एटीएफलाही कळलं, तरी धाड घातलीच. ४ एजंट मेले, आतलेही मेले, मग ५१ दिवसांचा वेढा. पत्रकारांना लांब ठेवलेलं, त्यामुळे बातमी म्हणजे एफबीआय रोज जे सांगेल ते. १९ एप्रिलला रणगाड्यासारख्या गाड्यांनी भिंती पाडून अश्रुधूर सोडला, आग लागली आणि सत्तरच्या वर माणसं गेली, त्यात वीसहून जास्त मुलं.

आग पेटवू शकेल अशी नळकांडी आम्ही वापरलीच नाहीत असं एफबीआय सहा वर्षं सांगत राहिली आणि १९९९ मध्ये कबूल केलं की हो, वापरली होती. पुढे माजी सिनेटर जॉन डॅनफर्थ यांच्या चौकशीत निघालं की ती आगीच्या काही तास आधीची होती, आग आतल्यांनीच लावली. पण तोवर कोण ऐकतंय? माझ्या मते सगळं इथेच बिघडलं, आग लावली नव्हती तरी खोटं बोलले होते आणि लोकांनी दोन्ही एकातच जमा केलं.

वेढा चालू असताना तिथे गाडीच्या बॉनेटवर बंदुकांच्या बाजूचे स्टिकर विकत बसलेला एक माजी सैनिक होता, टिमथी मॅकव्हे. बरोबर दोन वर्षांनी, १९ एप्रिल १९९५ ला, त्याने ओक्लाहोमा सिटीतली सरकारी इमारत उडवली, १६८ मेले, त्यात १९ मुलं. त्याच सुमाराला एनआरएच्या पत्रात केंद्राच्या एजंटांना बूट घातलेले सरकारी गुंड म्हटलं होतं, त्यावर थोरल्या बुशनी संस्थेचं आजीव सदस्यत्व सोडलं.

मीडियाचं गणित याच काळात बदललं. दोन्ही बाजू दाखवा हा रेडिओ-टीव्हीवरचा नियम १९८७ मध्ये गेला, १९८८ पासून रश लिंबॉ हा उजव्या विचारांचा रेडिओवाला देशभर ऐकू यायला लागला. मोठे चॅनल सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि मशीनगन यातला फरक चुकवायचे, मग ज्याच्या घरात ती रायफल आहे तो म्हणणार, हेच कळत नाही तर बाकीचं काय कळणार. गॅलपच्या पाहणीत १९७६ मध्ये ७२ टक्के लोकांचा मीडियावर विश्वास होता, २०२४ मध्ये ३१. या दरीत दुकानं उघडली. वेकोचं जळालेलं प्रार्थनास्थळ परत बांधायला पैसे गोळा करणारा रेडिओवाला अ‍ॅलेक्स जोन्स पुढे सँडी हूक शाळेत मारलेली २० पोरं म्हणजे बंदुका काढून घ्यायचं नाटक आहे असं सांगत सुटला, २०२२ मध्ये दोन राज्यांतल्या कोर्टांनी मिळून जवळपास दीड अब्ज डॉलर भरायला लावले.

आपला संबंध काय? तिथले बंदूकवाले गांधींचं वाक्य आवडीने चिकटवतात, अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजांचं सगळ्यात काळं कृत्य. कायदा १८७८ चा, व्हाइसरॉय लिटनचा, आणि देशी भाषांतल्या पेपरांचं तोंड बंद करणारा कायदाही त्याच वर्षीचा. फक्त ते वाक्य गांधींनी लिहिलं १९१८ मध्ये, लोकांनी इंग्रजांच्याच सैन्यात भरती व्हावं म्हणून काढलेल्या पत्रकात, हे कोणी सांगत नाही.

या भीतीने कायदाही घडवला. १९८६ पासून केंद्राला बंदूकमालकांची यादी करायला मनाई आहे. त्यामुळे गुन्ह्यात सापडलेली बंदूक कोणाची हे शोधायला वेस्ट व्हर्जिनियातल्या एटीएफच्या ऑफिसात बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या स्कॅन करून ठेवतात, पण नाव टाकून सर्च करता येत नाही, माणूस बसून पानं पुढे सरकवतो. आणि मार्च २०२३ मध्ये, वेढ्याला ३० वर्षं होत असताना, ट्रम्पनी प्रचाराची मोठी सभा घेतली ती वेकोलाच. टेक्सासच्या मोठ्या शहरांपासून जवळ पडतं म्हणून निवडलं, असं त्यांच्या लोकांनी सांगितलं.