शुद्ध क जीवनसत्त्व : गुणधर्म आणि बेळगाव परिसरातील प्रयोगशाळांतील वापर

शुद्ध क जीवनसत्त्व म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक आम्ल. पांढरी, कधी किंचित पिवळसर झाक असलेली, वास नसलेली आणि चवीला आंबट अशी ही स्फटिकी पूड. रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, रेणुभार १७६.१२. १९०° से.च्या आसपास ती वितळते, पण वितळतानाच तिचे विघटन होते. एक लिटर पाण्यात साधारण ३३० ग्रॅम पूड विरघळते, अल्कोहोलमध्ये बेताची, तेलात जवळजवळ नाहीच. तिचे द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश उजवीकडे वळवते. नावातला 'एल' रेणूची रचना सांगतो, वलनाची दिशा नव्हे. पदवीच्या विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.

१९२८ मध्ये हंगेरीचे जीवरसायनशास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी हा पदार्थ वेगळा केला. १९३३ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हॉवर्थ व सहकाऱ्यांनी त्याची रचना ठरवली, आणि स्विस रसायनशास्त्रज्ञ राइखश्टाइन यांनी ग्लुकोजपासून सॉर्बिटॉलमार्गे तो बनवण्याची रीत दिली. बाजारातली पूड आजही मुख्यतः ग्लुकोजपासूनच होते, फळांतून काढलेली नसते. रेणू मात्र आवळ्यातला आणि बाटलीतला एकच.

या आम्लात कार्बोक्सिल गट नाही. शेजारच्या दोन कार्बनवरचे हायड्रॉक्सिल गट त्याला आम्लता देतात (पहिला पीकेए, म्हणजे आम्लतेचा मापांक, सुमारे ४.२) आणि तेच इलेक्ट्रॉनही देऊन टाकतात. दोन इलेक्ट्रॉन गेले की डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल बनते. येथून परत फिरता येते. पण उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात त्याचे वलय उघडून डायकीटोग्युलोनिक आम्ल झाले की परतीची वाट बंद. प्रयोगशाळेतले सगळे उपयोग आणि सगळी फसगत या एका स्वभावातून येते.

म्हणून पाण्याकडे आधी पाहावे. नळाच्या पाण्यातला १ मिलिग्रॅम क्लोरीन सुमारे २.५ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल खातो. खानापूरकडच्या तांबड्या मातीच्या भागात पाण्यात लोह उतरलेले असू शकते. लोहापेक्षाही तांब्याचा अंश घातक, कारण तो हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया झपाट्याने वाढवतो. ऊर्ध्वपातित पाणी उकळून, झाकून गार केलेले घ्यावे; तांबे-पितळेची तोटी टाळावी. द्रावण रोज ताजे करावे. पिवळे पडलेले द्रावण ओतून द्यावे, त्यात पूड वाढवून ते सुधारत नाही.

पुडीची शुद्धता आयोडीन अनुमापनाने (ज्ञात तीव्रतेचे द्रावण क्रिया पुरी होईपर्यंत थेंबथेंब घालून) तपासतात. ०.१ ग्रॅम पूड अचूक तोलून १०० मिली पाणी व २५ मिली १ मोलर सल्फ्युरिक आम्लात विरघळवावी आणि लगेच ०.०५ मोलर आयोडीनने अनुमापन करावे. १ मिली आयोडीन म्हणजे ८.८०६ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल. पूड शुद्ध असेल तर सुमारे ११.३६ मिली लागते. शेवट निळ्या रंगाने दाखवणारा स्टार्च शेवटाकडे घालावा. आयोडीनचे प्रमाणीकरण जुने असेल तर चूक पुडीच्या माथी मारली जाते. औषध दुकानातली चघळायची गोळी प्रमाण म्हणून वापरू नये: तिच्यात साखर, रंग आणि बहुधा सोडियम ॲस्कॉर्बेटही असते.

जिल्ह्याच्या शेतीला या पुडीचा सर्वाधिक उपयोग माती परीक्षणात आहे. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींसाठी ओल्सेन पद्धत, तर खानापूरच्या आम्लधर्मी जमिनींसाठी ब्रे पद्धत योग्य; दोन्ही पिकाला मिळणारा स्फुरद (फॉस्फरस) मोजण्याच्या रीती. दोन्हींत अर्कातला फॉस्फेट मॉलिब्डेटशी जोडला जातो, ॲस्कॉर्बिक आम्ल त्याचे क्षपण करते (त्याला इलेक्ट्रॉन देते) आणि निळा रंग उमटतो. ओल्सेनसाठी २.५ ग्रॅम माती ५० मिली ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये (पीएच ८.५) ३० मिनिटे हलवून गाळतात. २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये ५ मिली अर्क घेऊन पी-नायट्रोफिनॉल हा दर्शक टाकतात आणि पिवळा रंग जाईपर्यंत थेंबथेंब सल्फ्युरिक आम्ल घालतात. फेस पूर्ण बसू द्यावा. घाई केली तर अर्क फ्लास्कबाहेर येतो. मग ४ मिली रंगकारक घालून खुणेपर्यंत पाणी भरतात आणि १० मिनिटांनी वर्णमापीवर ८८२ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचन घेतात.

रंगकारक म्हणजे मॉलिब्डेट, अँटिमनी टार्ट्रेट व सल्फ्युरिक आम्लाचे २०० मिली मिश्रण आणि त्यात १.०५६ ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल. ते २४ तासांपलीकडे वापरू नये. कोऱ्या (माती न घातलेल्या) नमुन्यातही निळा रंग आला तर आधी काचसामानावर संशय घ्यावा, कारण भांडी धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असू शकते. भांडी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने खळबळून घ्यावीत. ब्रे अर्कातले फ्लुओराइड रंग दाबते. त्यावर बोरिक आम्ल घालतात.

पेरू, आवळा, काजूची बोंडे यांतले क जीवनसत्त्व मोजताना शुद्ध पूड प्रमाण म्हणून लागते. फळ ३ टक्के मेटाफॉस्फोरिक आम्लातच वाटावे, म्हणजे ऑक्सिडीभवन रोखले जाते. मग ॲस्कॉर्बिक आम्लाने रंगहीन होणाऱ्या इंडोफिनॉल रंगाने, फिकट गुलाबी छटा १५ सेकंद टिकेपर्यंत अनुमापन करावे. कोकम किंवा पिकल्या करवंदाच्या लाल रसात ही छटा दिसतच नाही. तेथे दुसरी पद्धत घ्यावी. सल्फर डायऑक्साइड घातलेल्या सरबतात आकडा खोटा वाढतो. डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल या पद्धतीत मोजले जात नाही, त्यामुळे शिळ्या रसाचा आकडा कमी येतो.

उसाच्या ऊतिसंवर्धनात (तुकड्यांपासून काचपात्रात रोपे वाढवताना) कापलेल्या तुकड्यांतून फिनॉल झिरपून माध्यम काळे पडते. ते रोखायला लिटरला ५० ते १५० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल घालतात. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याच्या) १२१° से. तापमानात ते मोठ्या प्रमाणात नष्ट होते, म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक करून माध्यम कोमट झाल्यावर मिसळावे.

पूड तपकिरी बाटलीत, कोरड्या व थंड जागी ठेवावी. पावसाळ्यात फ्रिजमधली बाटली काढताक्षणी उघडू नये: दमट हवा आत जाऊन थंड पुडीवर पाणी धरते, गाठी होतात, आणि काही आठवड्यांत वरचा थर पिवळा पडतो. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून मगच झाकण काढावे.