सुट्ट्या पैशांसाठी पाडलेली ‘विश्वासाची पदकं’

१७९१ सालच्या पॅरिसमध्ये नोटा होत्या, पण मोड मिळत नव्हती. डिसेंबर १७८९ मध्ये क्रांतिकारी सभेने चर्चकडून ताब्यात घेतलेल्या जमिनींच्या तारणावर ‘असिन्या’ नावाच्या कागदी नोटा काढल्या. कागदाचा भाव उतरणार हे ओळखून लोकांनी धातूची नाणी घरात दडवली. १७९१ च्या मे महिन्यापर्यंत सगळ्यात लहान असिन्या ५० लिव्रचा होता. एक लिव्र म्हणजे २० सोल, आणि साध्या मजुराचा रोज एक-दीड लिव्र. त्याने पाव घ्यायचा कशाने?

सरकारने चर्चच्या घंटा वितळवून नाणी पाडायचं ठरवलं, पण ते काम रखडत राहिलं. ही नड मोनरों बंधूंनी हेरली. या व्यापारी कुटुंबातला लुई मोनरों फ्रेंच हिंदुस्थानचा प्रतिनिधी म्हणून सभेत बसत असे. या बंधूंनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रांवर २ आणि ५ सोलची तांब्याची ‘विश्वासाची पदकं’, म्हणजे नाण्यांऐवजी चालवायची खासगी पदकं, पाडून घेतली. याच टांकसाळीत १७९१ सालचेच मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसेही पडले. त्यांच्यावर तराजू आणि पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, असा शब्द आहे.

पाच सोलचं पदक चांगलं चार सेंटिमीटर रुंद, हातात जड लागणारं. एका बाजूला १४ जुलै १७९० ला घेतलेल्या राष्ट्रनिष्ठेच्या शपथेचा देखावा. दुसऱ्या बाजूचा मजकूर मात्र नीट वाचायला हवा: बदल्यात ५० लिव्रचे किंवा त्याहून मोठे असिन्या मिळतील. म्हणजे अशी दोनशे पदकं, पाच किलोंहून जास्त तांबं, घेऊन गेलात तरच एक नोट हाती येणार. रोजंदारीवर जगणाऱ्याकडे एवढी पदकं एकदम कधी साठणार? माझ्या मते या पदकांची खरी कहाणी त्या एका अटीत आहे. ज्याच्यासाठी मोड काढली, त्यालाच ती परत करण्याची वाट बंद होती.

तरीही ती हातोहात खपली, कारण तांबं चांगलं होतं आणि दुसरं काही मिळतच नव्हतं. मार्च १७९२ मध्ये मोनरों बंधूंच्या पेढीचं दिवाळं निघालं, पिएर मोनरों पळाला आणि भाऊ ऑगस्तँने काम पुढे रेटलं. त्या वर्षीच्या काही पदकांवर परतफेडीचं वचनच नाही. ‘पॅरिसमध्ये मोनरोंकडे ५ सोलला विकलं जाणारं पदक’, एवढंच कोरलेलं आहे. मे महिन्यात खासगी नाणी पाडण्यावर बंदी आली आणि वर्ष संपण्याआधी ती चलनातूनही काढली गेली.