वाफेची रेल्वे इंजिने : ब्रिटिश आणि अमेरिकन घडण

कोळसा, लाकूड किंवा तेल जाळून बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) वाफ तयार करायची आणि तिच्या दाबाने दट्ट्या हलवून रुळांवरून गाडी ओढायची, हे काम करणारे यंत्र म्हणजे वाफेचे रेल्वे इंजिन. त्याचा जन्म ब्रिटनमधला. अमेरिकेनेही सुरुवातीची काही इंजिने तिथूनच मागवली होती. तरीही पुढच्या पन्नासेक वर्षांत दोन्ही देशांची इंजिने इतकी वेगळी दिसू लागली की जाणकाराला दुरून आकार पाहूनच देश सांगता यावा. हा फरक राष्ट्रस्वभावाचा आहे, असे हौशी मंडळी आवडीने सांगतात; पण तो मुख्यतः रूळ, बोगदे, कुंपणे आणि कोळसा यांनी घडवलेला आहे.

रिचर्ड ट्रेव्हिथिकचे इंजिन वेल्समध्ये १८०४ साली रुळांवर चालले आणि कोणते इंजिन सरस हे ठरवण्यासाठी इंग्लंडमध्ये झालेल्या १८२९ च्या रेनहिल चाचण्यांत स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ने बाजी मारली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘स्टूरब्रिज लायन’ हे ब्रिटिश बनावटीचे इंजिन पेनसिल्व्हेनियातील होन्सडेल येथे चालवून पाहण्यात आले. तिथले रूळ म्हणजे लाकडी तुळयांवर ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या. इंजिनाचे वजन त्यांना पेलेना, म्हणून ते बाजूला ठेवावे लागले. ‘जॉन बुल’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. रॉबर्ट स्टीफन्सन आणि कंपनीने बांधलेले हे इंजिन १८३१ मध्ये सुट्या भागांत अमेरिकेला पोहोचले आणि आयझॅक ड्रिप्स या तरुण कारागिराने ते जोडले. तिथल्या ओबडधोबड, वळणावळणाच्या मार्गावर ते वारंवार घसरू लागले, तेव्हा ड्रिप्सने पुढे मार्गदर्शक चाके बसवली, आणि त्यांच्याबरोबरच वाटेत आलेली जनावरे बाजूला सारणारा काऊकॅचरही. ब्रिटनमध्ये रेल्वेमार्गाला कुंपण घालणे कंपन्यांवर बंधनकारक होते. अमेरिकेच्या मोकळ्या माळावर ते शक्य नव्हते. काऊकॅचर, भलामोठा दिवा आणि घंटा ही अमेरिकन इंजिनाची लेणी त्या उघड्या मार्गातून आली.

सर्वांत मोठा फरक पडला तो रुळांभोवतीच्या मोकळ्या जागेमुळे, म्हणजे ज्याला लोडिंग गेज म्हणतात त्यामुळे. दोन्ही देशांत रुळांमधले अंतर एकच, ४ फूट साडेआठ इंच. पण ब्रिटनने पूल, बोगदे आणि फलाट फार लवकर आणि पक्के बांधले, आणि त्या पहिलेपणाची किंमत पुढे कायम मोजली : इंजिनाला साधारण ९ फूट रुंदी आणि १३ फूट उंचीत मावावे लागे. अमेरिकेत मात्र १५-१६ फूट उंचीचे आणि पावणेअकरा फूट रुंदीचे इंजिन सहज चाले. १९३८ साली ताशी १२६ मैलांचा, वाफेच्या इंजिनांत आजही अबाधित असलेला विक्रम करणाऱ्या ‘मॅलर्ड’ या ब्रिटिश इंजिनाच्या भट्टीची जाळी सुमारे ४१ चौरस फुटांची होती, युनियन पॅसिफिक या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या १९४१ च्या ‘बिग बॉय’ची होती १५० चौरस फुटांची. ‘मॅलर्ड’मध्ये फायरमन फावड्याने कोळसा टाकत असे. ‘बिग बॉय’ची भूक कुणा माणसाच्या हातांनी भागणे शक्यच नव्हते, तिथे कोळसा भट्टीत ढकलणारा यांत्रिक स्टोकर लागे. कारखान्यातल्या कुणा अनाम कामगाराने इंजिनाच्या तोंडावर खडूने ही दोन अक्षरी शब्दांची जोडी लिहिली आणि तेच नाव या वर्गाला, म्हणजे त्या नमुन्याच्या सगळ्या इंजिनांना, चिकटले, असे सांगतात.

दिसण्यातला फरकही कामातूनच आला. ब्रिटिश अभियंत्यांना पोलादी पत्र्याची चौकट आणि आत दडवलेले सिलिंडर (दट्ट्या ज्यात हलतो त्या नळकांड्या) पसंत पडले. नळ्या शक्यतो आवरणाखाली, रंग तुकतुकीत, पितळ घासलेले. अमेरिकन इंजिनात दांड्यांची चौकट, बाहेर काढलेले सिलिंडर, अंगावर लटकणारे पंप आणि नळ्या असा सगळा उघडा संसार. कारण दुरुस्ती वाटेतच, मिळेल त्या हत्याराने करावी लागे. गंमत अशी की ही दांड्यांची चौकट लिव्हरपूलच्या एडवर्ड बरीच्या इंजिनांतही होती. ब्रिटनने ती सोडली आणि अमेरिकेने ती आपलीशी केली. वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक अमेरिकेत सार्वत्रिक झाल्यामुळे तिथले इंजिन उभे असतानाही हवेचा पंप धापा टाकत राहतो. ब्रिटनमध्ये बहुतेक कंपन्यांनी निर्वात (हवा काढून घेऊन चालणारा) ब्रेक पत्करल्याने तिथली स्थानकावरची शांतता वेगळी. शिट्टीचेही तसेच : ब्रिटिश शिट्टी एकसुरी आणि चढी, अमेरिकन शिट्टी अनेक सुरांची. ‘मॅलर्ड’च्या वर्गाला त्याचा अभियंता नायजेल ग्रेस्ली याने अनेक सुरांचीच शिट्टी बसवली होती, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. नावांतही भेद आहे. ब्रिटनमध्ये अनेक प्रवासी इंजिनांना राजा, किल्ला, पक्षी अशी स्वतःची नावे देण्याची हौस. अमेरिकेत बहुधा नाव चाकांच्या रचनेला, पॅसिफिक किंवा मिकाडो, आणि इंजिनाला फक्त क्रमांक.

देवाणघेवाण मात्र थांबली नाही. १९२७ साली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या शतसांवत्सरिक सोहळ्यासाठी ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ हे ब्रिटिश इंजिन अमेरिकेला गेले, तिथे त्याला पितळी घंटा भेट मिळाली आणि परतल्यावरही ती त्याच्या पुढच्या तुळईवर राहिली. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे दुसरे ब्रिटिश इंजिन १९६९ मध्ये अमेरिकेत दौऱ्यावर गेले तेव्हा त्यालाही घंटा, दिवा आणि काऊकॅचर चढवावा लागला. त्या दौऱ्यापायी त्याचे मालक ॲलन पेग्लर दिवाळखोर झाले.

भारतात या दोन्ही परंपरांची गाठ पडली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीची इंजिने ब्रिटनमधल्या व्हल्कन फाउंड्रीची होती आणि पुढची सुमारे नव्वद वर्षे बहुतांशी ब्रिटिश वळणच चालले. १९३७ मध्ये बिहारमध्ये बिहटा येथे ब्रिटिश बनावटीच्या एक्सबी वर्गाच्या इंजिनाची गाडी घसरून मोठा अपघात झाला. त्या वर्गाची रुळांवरची चाल चौकशीच्या फेऱ्यात आली. पुढे आलेल्या डब्ल्यूपी वर्गाची पहिली इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाजवळच्या बाल्डविन कारखान्यातून आली. गोलसर नाक आणि त्यावरचा तारा ही त्यांची खूण. भारतात मेल गाड्या पाहिलेल्या जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर ‘आगीनगाडी’ म्हटले की बहुधा हेच तोंड येते, आणि ते अमेरिकन आहे.

ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ थांबवली. अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न या शेवटच्या मोठ्या कंपनीने १९६० मध्ये. तरीही ओढ टिकली आहे आणि ती केवळ गतकाळाच्या हळहळीची नव्हे, कारण आज हौसेने कोळसा ओढणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्मच त्यानंतरचा आहे. वेल्समधल्या बॅरी येथील भंगारवाड्यातून गंजलेली २१३ इंजिने लोकांनी विकत घेऊन वाचवली, आणि २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ हे कोरे इंजिन वर्गणीतून बांधून पूर्ण केले. युनियन पॅसिफिकने ‘बिग बॉय’ ४०१४ दुरुस्त करून २०१९ मध्ये पुन्हा मार्गावर आणले, मात्र तेलावर. या यंत्रात सारे काम डोळ्यांसमोर चालते : दांडा पुढे जातो, चाक फिरते, धुराड्यातून फुत्कार निघतो आणि चढावर तो फुत्कार जड होतो. पण हे सारे सुरू होण्याआधी माणसाला थांबावे लागते. थंड बाष्पित्र घाईने तापवले तर त्याचे सांधे ताणले जातात, म्हणून सकाळच्या फेरीसाठी भट्टी आदल्या दिवशीच पेटवतात आणि रात्रभर कुणीतरी तिच्यापाशी जागत बसते.