डीएनए: नमुना घेण्याचा कायदा आला, जपण्याचा राहिला

मेडिक्लेमच्या पॉलिसीत कशाचे पैसे मिळणार नाहीत याची एक यादी असते. बारीक टायपातल्या त्या यादीत दोन शब्द वर्षानुवर्षे बिनबोभाट बसून होते: ‘आनुवंशिक आजार’. दिल्लीतल्या एका पॉलिसीधारकाला हृदयाच्या स्नायूंचा विकार होता. आधीचे दावे मंजूर झाले. 2011 चा मात्र याच शब्दांवर बोट ठेवून नाकारला गेला. फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. प्रतिभा सिंह यांनी असे मोघम कलम भेदभाव करणारे ठरवले. खरेच आहे, मधुमेह आणि रक्तदाबही घराण्यातून येतात, मग विमा उरतो कशाचा? विमा नियामकाने पुढच्याच महिन्यात कंपन्यांना तंबी दिली, पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या व्यापक भागाला स्थगिती दिली.

अमेरिकेत जनुकीय माहितीवरून होणारा असा भेदभाव रोखण्यासाठी 2008 पासून स्वतंत्र कायदा आहे (आयुर्विमा त्यातूनही सुटलाच). आपल्याकडे मात्र डीएनएचा विषय कायद्यात पोलीस ठाण्याच्या दारातून आत आला. 2005 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत 53अ कलम आले आणि बलात्काराच्या आरोपीचा डीएनए नमुना घेण्याची सोय झाली. 2007 मध्ये डीएनए चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या विधेयकाचा मसुदा आला, मग मसुद्यांवर मसुदे. हैदराबादच्या सरकारी डीएनए केंद्रात नमुन्यासोबत भरायच्या फॉर्मवर जातीचा रकाना होता. उषा रामनाथन यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो चव्हाट्यावर आणला. गुन्हेगार शोधायला जात कशाला, याचे धड उत्तर कुणी दिले नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी जानेवारी 2019 मध्ये विधेयक लोकसभेत मंजूर झाले, सभागृहाची मुदत संपल्याने बारगळले, जुलैत पुन्हा आले आणि संसदीय समितीकडे गेले. समितीचा अहवाल 2021 मध्ये आला, तरी विधेयक पडूनच होते. तेवढ्यात 2022 च्या ओळखविषयक कायद्याने पोलिसांना जैविक नमुने घेण्याची आणि नोंदी 75 वर्षे ठेवण्याची मुभा दिली. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झालेल्याला जैविक नमुना नाकारता येतो (गुन्हा स्त्री किंवा मुलाविरुद्धचा नसेल तर), एवढीच सवलत. जुलै 2023 मध्ये सरकारने डीएनए विधेयक मागे घेतले.

नागरिकांची वैयक्तिक माहिती जपण्याच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या मसुद्यात जनुकीय माहिती ‘संवेदनशील’ वर्गात होती. ऑगस्ट 2023 मध्ये विदासंरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा तो वर्गच गाळलेला होता. त्या कायद्याच्या लेखी तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचा जनुकीय अहवाल एकाच फडताळातल्या वस्तू आहेत.