दमसासाच्या खेळाडूचे उष्मांक : एका अंदाजाची पार्श्वभूमी

मॅरेथॉन, ट्रायथलॉन किंवा लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीची तयारी करणाऱ्या खेळाडूने दिवसाला किती खावे, या प्रश्नाचे उत्तर सहसा दोन टप्प्यांत दिले जाते. वजन, उंची आणि वय सूत्रात घालून विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती ऊर्जा खर्च करते ते आधी काढायचे, आणि मग त्याला दिवसभराच्या हालचालींचा गुणक लावून सरावाचा खर्च त्यात मिळवायचा. ही आकडेमोड आता मोबाइलवर क्षणात होते आणि उत्तर एकक स्थानापर्यंत येते, त्यामुळे ते मोजून काढल्यासारखे वाटते. मात्र या हिशेबाचा प्रत्येक टप्पा निरनिराळ्या काळात आणि निरनिराळ्या गरजेतून तयार झाला आहे, आणि त्यामागची मोजमापे बहुतांशी खेळाडू नसलेल्या माणसांची आहेत. आहारातला उष्मांक म्हणजे किलोकॅलरी, आणि पुढे हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

या हिशेबाच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक ठिकाणी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉजिये यांच्यापासून केली जाते, आणि ते योग्यच आहे. १७८० च्या दशकात लाव्हॉजिये आणि लाप्लास यांनी गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, किती बर्फ वितळला ते तोलले आणि श्वसन हे मंद ज्वलन आहे असे दाखवले. पुढे सेग्वाँ या सहकाऱ्यावर प्रयोग करताना लाव्हॉजिये यांना दिसले की थंडीत, जेवणानंतर आणि काम करताना माणूस अधिक प्राणवायू वापरतो. आजच्या हिशेबातले तिन्ही मुख्य घटक, म्हणजे विश्रांतीचा खर्च, पचनाचा खर्च आणि श्रमाचा खर्च, या निरीक्षणांत बीजरूपाने होते.

श्रमाचे इंधन कोणते, हा प्रश्न मात्र बराच काळ चुकीच्या वाटेने गेला. स्नायू काम करताना स्वतःतील प्रथिने जाळतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे मत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रमाण मानले जाई. त्याला धक्का देणारा प्रयोग प्रयोगशाळेत झाला नाही, डोंगरावर झाला, आणि दमसासाच्या श्रमाचा हिशेब प्रथम तिथेच नीट मांडला गेला असे म्हणता येईल. ऑगस्ट १८६५ मध्ये झुरिचचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक आणि रसायनशास्त्रज्ञ योहानेस व्हिस्लिसेनुस हे दोघे ब्रीन्झ सरोवराच्या काठावरून फाउलहॉर्न शिखर चढून गेले. चढाईच्या आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिने पूर्ण वर्ज्य केली होती आणि पिठूळ पदार्थ, चरबी व साखर यांवरच ते राहिले होते. चढाईच्या काळातली आणि नंतरची लघवी त्यांनी जमवली आणि तिच्यातील नायट्रोजनवरून शरीराने किती प्रथिने जाळली ते काढले.

हा हिशेब आजही कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. फिक यांचे वजन ६६ किलो आणि चढाई १,९५६ मीटर, म्हणजे केवळ देह वर नेण्याचे काम सुमारे १,२९,००० किलोग्रॅम-मीटर, आणि ते उष्णतेत मोजले तर सुमारे ३०० उष्मांक भरते. तेवढ्या वेळात जळलेली प्रथिने होती सुमारे ३७ ग्रॅम. प्रथिनांपासून किती उष्णता मिळते ते पुढच्या वर्षी एडवर्ड फ्रँकलंड यांनी मोजले (ते फिक यांचे मेहुणे होते, शास्त्रातही नातीगोती कामाला येतात), आणि त्या हिशेबाने ही प्रथिने वर नेण्याच्या कामालासुद्धा पुरत नव्हती. शिवाय स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा एक चतुर्थांश भागच कामात उतरवतात आणि बाकीची उष्णता होऊन निघून जाते, म्हणजे खरा खर्च हजार उष्मांकांच्या पुढे गेला असणार. उरलेले इंधन पिष्ट आणि चरबीचेच होते.

यानंतर मोजमापाला शिस्त आली. म्युनिकमध्ये पेटेनकोफर आणि फॉइट यांनी माणूस आत राहू शकेल असा श्वसनकक्ष उभारला, आणि त्याच परंपरेतील रुबनर यांनी अन्नातून जाणारी ऊर्जा व देहातून बाहेर पडणारी उष्णता यांचा ताळा जुळवून दाखवला. अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात कनेटिकट राज्यातील मिडलटाउन येथे माणसासाठी उष्मांकमापी कक्ष उभारला. पिष्ट व प्रथिने ग्रॅमला ४ आणि चरबी ग्रॅमला ९ उष्मांक, हे आज प्रत्येक वेष्टनावर गृहीत धरलेले आकडे त्यांच्याच कामातून रूढ झाले. डिसेंबर १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत ॲटवॉटर यांच्या चमूने स्पर्धकांचे अन्न आणि उत्सर्जन यांची नोंद ठेवली, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नसते. दमसासाच्या खेळाडूच्या आहाराचा प्रत्यक्ष स्पर्धेतला हा अगदी सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक होता. त्यात हेतू खेळाडूला सल्ला देण्याचा नव्हता. माणूस कामाच्या टोकाला गेला की अन्नाची गरज कशी बदलते हे सरकारच्या कृषी विभागाला जाणून घ्यायचे होते, कारण खरा प्रश्न मजुराच्या ताटाचा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोजमाप कक्षाबाहेर पडले. त्सुंट्स यांनी ओझे घेऊन चालणाऱ्या सैनिकांचा प्राणवायू मोजला, आणि १९११ मध्ये डग्लस यांनी पाठीवर नेता येणारी पिशवी वापरात आणली, जिच्यात बाहेर टाकलेला सगळा श्वास जमा होई. श्रमाचा खर्च मिनिटागणिक कळू लागला तो या पिशवीमुळे. परंतु दिवसभराच्या गरजेचा पाया झाला तो अंथरुणावर शांत पडलेल्या माणसाचा आकडा.

१९१९ मध्ये बोस्टनच्या कार्नेगी पोषण प्रयोगशाळेतील फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि संख्याशास्त्रज्ञ जे. आर्थर हॅरिस यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया अशा २३९ व्यक्तींच्या मूलभूत चयापचयाच्या, म्हणजे पूर्ण विश्रांतीत होणाऱ्या ऊर्जाखर्चाच्या, मोजमापांवरून आपली प्रसिद्ध सूत्रे दिली. रुग्णाचा चयापचय निरोगी माणसापेक्षा किती वेगळा आहे हे ठरवायला एक मापदंड हवा होता, आणि तो त्यांनी तयार केला. १९८० मध्ये कनिंगहॅम यांनी तीच जुनी आकडेवारी पुन्हा तपासली आणि वय, उंची, लिंग यांच्यापेक्षा चरबी वगळून उरणारे वजन हाच विश्रांतीच्या खर्चाचा सर्वांत चांगला निदर्शक ठरतो असे दाखवले. स्नायू अधिक आणि चरबी कमी असलेल्या खेळाडूला हे सूत्र अधिक लागू पडते, म्हणून क्रीडा आहारशास्त्रात त्याचाच आग्रह धरला जातो. गंमत अशी की कनिंगहॅम यांनी २३९ पैकी २२३ जणच घेतले होते आणि वगळलेले १६ जण हे प्रशिक्षित खेळाडू होते. खेळाडूंसाठी सर्वाधिक सुचवले जाणारे सूत्र खेळाडूंना बाजूला काढून तयार झालेले आहे. यामुळे ते चुकीचे ठरत नाही, नंतरच्या पडताळण्यांत ते खेळाडूंना बऱ्यापैकी जुळले आहे. पण त्याच्या उत्तराकडे किती विश्वासाने पाहावे, हे यावरून समजते.

सूत्र बदलले की किती फरक पडतो ते एका काल्पनिक धावपटूवरून पाहता येईल. वय २८, वजन ५५ किलो, उंची १६५ सेंटिमीटर आणि चरबी वगळून ४४ किलो वजन असलेली एक स्त्री घेऊ. १९९० चे मिफ्लिन-सेंट जोर सूत्र तिचा विश्रांतीचा खर्च सुमारे १,२८० उष्मांक सांगते, हॅरिस-बेनेडिक्ट सुमारे १,३५५, तर कनिंगहॅम १,४६८. सरावाव्यतिरिक्तच्या हालचालींसाठी १.५ चा गुणक लावला की हा फरक २८० उष्मांकांच्या घरात जातो. धावायला सुरुवात होण्याआधीच हिशेबात एका जड न्याहारीएवढी तफावत पडलेली असते.

गुणकाची कथाही अशीच आहे. विश्रांतीच्या खर्चाला हालचालीच्या पातळीने गुणण्याची पद्धत रूढ झाली ती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीच्या १९८५ च्या अहवालाने. संपूर्ण लोकसंख्येला किती अन्न लागेल याचे नियोजन करणे हा तिचा उद्देश होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अहवालात जोमदार जीवनशैलीसाठी २.० ते २.४ असा पट्टा दिला आहे आणि त्याहून वरची पातळी दीर्घकाळ टिकवणे अवघड असते असे म्हटले आहे. दमसासाचा खेळाडू नेमका या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पलीकडे असतो.

सरावाचा खर्च वेगळा मोजायचा तर दोन मार्ग उपलब्ध झाले. १९६३ मध्ये मार्गारिया आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सपाट जमिनीवर धावण्याचा निव्वळ खर्च वेगावर फारसा अवलंबून नसून दर किलो वजनाला, दर किलोमीटरला साधारण एक उष्मांक इतका असतो. इतका सुटसुटीत आणि इतका उपयोगी नियम या क्षेत्रात दुसरा नाही. दुसरा मार्ग ‘मेट’ या एककाचा आहे. शांत बसलेल्या माणसाचा खर्च एक मेट धरून प्रत्येक हालचालीला तिच्या पटीचा आकडा द्यायचा. एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अशा शेकडो हालचालींची सूची प्रसिद्ध केली आणि घड्याळे व ॲप यांच्या हिशेबात ती पसरली. एक मेट म्हणजे दर किलोला मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू असे मानले जाते, पण २००५ मध्ये सुमारे ७७० व्यक्तींवर केलेल्या मोजमापात ही सरासरी २.६ इतकीच निघाली. शिवाय मेटच्या आकड्यात विश्रांतीचा खर्च आधीच धरलेला असतो, त्यामुळे तो दिवसाच्या बेरजेत जसाच्या तसा मिळवला की तेवढे तास दोनदा मोजले जातात. ही चूक अनुभवी प्रशिक्षकांच्या वह्यांतही आढळते.

सायकलपटूंना या बाबतीत नशिबाची साथ मिळाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत उलरिच शोबेरर यांनी पेडलवर पडणारी शक्ती मोजणारे यंत्र सायकलवर बसवले, आणि त्यावरून केलेले काम किलोज्यूलमध्ये थेट कळू लागले. एक उष्मांक म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, आणि देहाची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के. हे दोन आकडे एकमेकांचा परिणाम जवळजवळ पुसून टाकतात, म्हणून यंत्राने ८०० किलोज्यूल दाखवले की देहाने साधारण तेवढेच उष्मांक, किंवा थोडे अधिक, खर्च केले असे धरता येते. धावपटूच्या मनगटावरील यंत्रांची गोष्ट निराळी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये सात उपकरणे तपासली गेली तेव्हा हृदयाचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले, पण उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले.

एवढ्या अंदाजांची परीक्षा घेणारी पद्धत मात्र आधीच सापडलेली होती. मिनेसोटा विद्यापीठातील नेथन लिफसन यांनी १९४९ च्या सुमारास ओळखले की उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन शरीरातील पाण्याशी देवघेव करतो. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन (म्हणजे त्या मूलद्रव्यांचे नेहमीपेक्षा जड अणू) असलेले पाणी पाजले, तर हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर जातो आणि ऑक्सिजन पाणी व कार्बन डायऑक्साइड या दोन्हींवाटे. दोघांच्या घटण्याच्या वेगातील फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला ते कळते, आणि त्यावरून खर्च. लघवीचे काही नमुने पुरतात, तोंडाला मुखवटा लागत नाही. जड ऑक्सिजन फार महाग असल्यामुळे १९५५ मध्ये हा प्रयोग उंदरांवर झाला आणि माणसापर्यंत यायला १९८२ उजाडले.

चारच वर्षांनी नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या वेस्टरटेर्प, सारिस आणि सहकाऱ्यांचा टूर द फ्रान्सच्या सायकलपटूंवर याच पद्धतीने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन आठवडे चालणाऱ्या या शर्यतीत स्पर्धकांचा खर्च विश्रांतीच्या खर्चाच्या चार ते पाच पट भरला. त्याहून बोलके होते ते आहाराच्या नोंदवहीशी न जुळणे. पहिल्या आठवड्यात नोंदवही पाण्याच्या पद्धतीपेक्षा सुमारे १३ टक्के कमी पडत होती, तिसऱ्या आठवड्यात सुमारे ३५ टक्के. वजने मात्र टिकून होती, म्हणजे खाल्ले जात होते, लिहायचे राहत होते. थकलेला माणूस शेवटच्या घाटानंतर काय काय तोंडात टाकले याची यादी करत बसत नाही.

खाण्याला मर्यादा पडली की काय होते हे १९९२-९३ मध्ये अंटार्क्टिकावर दिसले. रॅनल्फ फाइन्स आणि डॉ. माइक स्ट्राउड यांनी स्वतः घसरगाड्या ओढत खंड पार करताना रोज ५,००० हून अधिक उष्मांक खाल्ले, तरी दोघांचेही वजन २० किलोहून अधिक घटले. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आठवड्याला सहा मॅरेथॉन या हिशेबाने धावणाऱ्यांचा अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० आठवड्यांनंतर धावपटू अंतराच्या हिशेबाने अपेक्षित होते त्यापेक्षा दिवसाला सुमारे ६०० उष्मांक कमी खर्च करताना आढळले. देह इतर कामांतून कपात करून खर्च आवरतो, आणि फार दीर्घ काळासाठी टिकणारी पातळी विश्रांतीच्या सुमारे अडीच पट असावी, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. हे मान्य केले तर सरावाचे उष्मांक नुसते मिळवत जाण्याची बेरीजच संशयास्पद ठरते.

त्याच्या बरेच आधी प्रश्न उलट्या बाजूनेही, म्हणजे कमी खाल्ले तर काय होते असा, विचारला जाऊ लागला होता. पाळी थांबलेल्या धावपटूंच्या हाडांची घनता कमी असल्याचे १९८० च्या दशकात लक्षात आले होते. ॲन लाउक्स या संशोधिकेने त्यामागचे कारण ऊर्जेच्या उपलब्धतेत शोधले. खाल्लेल्या उष्मांकांतून सरावाचे वजा करायचे आणि उरलेले चरबी वगळून राहणाऱ्या वजनाने भागायचे. २००३ मध्ये दिसले की हा आकडा ३० च्या खाली गेला की संप्रेरकांचा ताल बिघडतो, आणि ४५ ही पुरेशी पातळी मानली गेली. ज्या २९ स्त्रियांवर पाच-पाच दिवसांचे हे प्रयोग झाले, त्या बैठे जीवन जगणाऱ्या होत्या. येथेही खेळाडूची रेषा खेळाडू नसलेल्या देहावरच आखली गेली.

आपल्या काल्पनिक धावपटूकडे परत येऊ. तिने १८ किलोमीटरचा सराव केला, म्हणजे मार्गारियांच्या नियमाने ९९० उष्मांक, आणि दिवसभरात २,४०० खाल्ले. मिफ्लिन-सेंट जोर आणि १.५ च्या गुणकाने तिची गरज सुमारे २,९०० येते, म्हणजे ती पाचशेने उणी पडली. लाउक्स यांच्या भागाकाराने तिच्याकडे दर किलोला ३२ उरतात, म्हणजे ती रेषेच्या किंचित वर आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या कमतरतेला स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होणारे व्यापक नाव दिले, आणि २०२३ च्या निवेदनात सर्वांना सारखी लागू पडेल अशी एकच रेषा मानण्यास आधार नसल्याचे नमूद केले. त्यामुळे आता तिच्या आकड्यासोबत तिची पाळी, रक्ततपासणी आणि हाडांची घनताही पाहिली जाते.