एकल-पुरवठा ऑप-अ‍ॅम्पच्या इनपुटचे ऋण व्होल्टेजपासून संरक्षण

ज्या ऑप-अ‍ॅम्पचा (दोन इनपुटांमधील फरक खूप वाढवून देणाऱ्या चिपचा) खालचा पुरवठा थेट ग्राउंडला जोडलेला असतो, त्याच्या इनपुट पिनवर ग्राउंडखालचे व्होल्टेज येऊ न देण्याच्या, आणि आलेच तर पिनमधून वाहणारा प्रवाह निरुपद्रवी मर्यादेत ठेवण्याच्या उपायांचा येथे विचार केला आहे. कपॅसिटरमधून आलेला एसी सिग्नल, लांब वायरीत शिरलेला नॉइज किंवा मोटरचा उलटा प्रवाह शंटमधून (प्रवाह मोजण्यासाठी लावलेल्या छोट्या रेझिस्टरमधून) वाहणे, ही अशा ऋण व्होल्टेजची नेहमीची कारणे होत.

एलएम३५८ या ऑप-अ‍ॅम्पचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या इनपुटला पीएनपी ट्रान्झिस्टर असल्याने शून्य व्होल्टपर्यंतचा सिग्नल त्याला चालतो. परंतु त्याखाली मुभा आहे ती उणे ०.३ व्होल्टपर्यंतच. पिन याहून खाली गेली की त्या ट्रान्झिस्टरचे कलेक्टर-बेस जंक्शन डायोडसारखे वाहू लागते आणि चिपमधील परजीवी (रचनेतून आपोआपच तयार झालेल्या) एनपीएन ट्रान्झिस्टरमुळे आउटपुट धन टोकाला जाऊ शकते. ५ व्होल्टवर चालणाऱ्या बफरला (इनपुट जसेच्या तसे आउटपुटला देणाऱ्या जोडणीला) २ व्होल्ट शिखराची साइन वेव्ह दिली, तर ऑसिलोस्कोपवर खालचा अर्धा भाग शून्यावर सपाट कापलेला दिसतो आणि त्याच सपाटीच्या मध्यभागी आउटपुट साडेतीन व्होल्टच्या आसपास उसळलेले आढळू शकते. इनपुट वर येताच सारे पूर्ववत होत असल्याने हा दोष हुडकणे फार कठीण जाते. सीमॉस (मॉसफेट ट्रान्झिस्टरांनी बनलेल्या) ऑप-अ‍ॅम्पमध्ये असाच प्रवाह संरक्षक डायोडमधून वाहतो आणि तो जास्त झाल्यास लॅच-अप होऊन (आतला मार्ग चालूच राहून पुरवठ्यातून मोठा प्रवाह वाहून) चिप जळू शकते.

सर्वांत साधा उपाय म्हणजे इनपुटला सिरीजमध्ये रेझिस्टर लावणे. उणे १२ व्होल्ट येण्याची शक्यता असेल आणि प्रवाह १ मिलिअँपिअरच्या आत ठेवायचा असेल, तर पिनच्या आतल्या डायोडचे ०.६ व्होल्ट वजा करून ११.४ किलोओहम येतात, म्हणून १२ किलोओहमचा रेझिस्टर घ्यावा. ४५ नॅनोअँपिअर बायस प्रवाहाला (इनपुट पिनमधून नेहमीच वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाला) यामुळे सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टची चूक येते, आणि ती बहुतेक ठिकाणी चालून जाते. मात्र रेझिस्टरने चिप वाचते, आउटपुट खरे राहीलच असे नाही. त्यासाठी पिन मुळातच फार खाली जाता कामा नये. १एन४१४८ सारखा सिलिकॉन डायोड येथे पुरत नाही, कारण तो आतल्या जंक्शनच्याच सुमारास वाहू लागतो. म्हणून रेझिस्टरनंतर ग्राउंडकडे बीएटी५४ सारखा शॉट्की डायोड (जो कमी व्होल्टेजलाच वाहू लागतो) जोडावा आणि तेथून पिनपर्यंत आणखी एक छोटा रेझिस्टर ठेवावा. शॉट्कीचा लीकेज (उलट दिशेने झिरपणारा) प्रवाह तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो; तो २ मायक्रोअँपिअर झाला, तर १२ किलोओहमवर २४ मिलिव्होल्टची चूक होते, हे अचूक मापनात विसरून चालत नाही.

सिग्नल कायम ऋणच असेल, तर इन्व्हर्टिंग (सिग्नलचे चिन्ह उलटवणारी) जोडणी अधिक चांगली, कारण तिथे पिन शून्यावरच राहते आणि आउटपुट धन मिळते. मात्र आउटपुट वरच्या टोकाला अडकले किंवा पुरवठा बंद असताना सिग्नल आला, तर हे संरक्षण उरत नाही.